दुपारी दोनची दळणं

बिदर, ५ जानेवारी २०२५

मामा,

नमस्कार करते आणि आधी भांडून घेते. मागच्या पिशवीत तुम्ही पाच किलो ज्वारीचं पीठ पाठवलंत. मी एकटी, खोली एवढीशी, आणि भाकरी मला अजून धड गोल जमत नाही. तरी ईरण्णा ड्रायव्हरनं बसस्टँडवर पिशवी हातात दिली की बरं वाटतं. तीस वर्षं गिरणीच्या आवाजात तुमचे कान गेले, फोनवर तुम्हाला काही ऐकू येत नाही, म्हणून निदान पिठात चिठ्ठी तरी येते. नाहीतर तुम्ही काय लिहिणारे होय.

वेळ अमावस्येला शेतातल्या जेवणाला मी आले नाही म्हणून तुम्ही रुसला आहात असं आईनं सांगितलं. त्या दिवशी माझी मुलाखत होती. तिसरी. इथं बिदरच्या कोळार भागातल्या गोदामात मी दिवसभर पार्सलवरचे बारकोडचे पट्टे यंत्रानं वाचून घेते, पण चार वर्षं इंजिनिअरिंग केलं ते सॉफ्टवेअर लिहायला, आणि ती नोकरी काही लागत नाही. तिन्ही ठिकाणी एकच झालं. पुस्तकातलं विचारतात, मी धडाधडा सांगते. मग विचारतात, तुम्ही स्वतः काय बनवलंय? मी कामांची यादी ठेवायचं ॲप दाखवते. या वेळचे साहेब हसले आणि म्हणाले, "हे आज सकाळपासून चौथं. खरी माणसं रोज वापरतात असं काही असेल तर दाखवा."

पास होऊन दोन वर्षं उलटली की कंपन्या आमच्यासारख्यांचे अर्ज उघडतसुद्धा नाहीत, मामा. माझी दोन वर्षं जूनमध्ये भरतात. त्याच्या आत झालं तर झालं, नाहीतर जन्मभर पार्सलं.

म्हणून मला तुमची गिरणी पाहिजे. बायका डबा ठेवून शेतात जातात, मग "झालं का दळण?" म्हणून फोन करतात, तुम्हाला ते ऐकू येत नाही, आणि त्यांना दोन-दोन हेलपाटे पडतात. दळण झालं की आपोआप त्यांच्या फोनवर निरोप जाईल असं मी बनवते. तुम्ही नंबर कसा लावता तेवढं नीट लिहून पाठवा.

तुमची विजू

•

मंठाळ, १२ जानेवारी २०२५

विजू पोरी,

रुसलो होतो, आता नाही. पीठ पाच किलोच येणार. भाकरी गोल होत नसेल तर चौकोनी खा, पण खा.

तुझं सगळं दोनदा वाचलं. मुलाखतीतलं मला फार कळलं नाही, पण एवढं कळलं की तू शिकलीस पुष्कळ आणि हातानं केलं थोडं. मीही गिरणी शिकलो ती अशीच. गुंडप्पा मिस्त्रींनी पहिले सहा महिने मला नुसतं बघायला बसवलं होतं, आणि पहिल्यांदा पट्टा चढवायला सांगितला तर मी उलटा चढवला. त्यांनी शिव्या दिल्या नाहीत, परत उतरवायला लावला.

नंबराचं विचारलंस. त्यात लिहिण्यासारखं काही नाही. डबे ओळीनं ठेवतात, मी ओळीनं घेतो. नियम एकच, आधी आला त्याचं आधी. तीस वर्षांत मी कुणाची भीड धरली नाही.

तू बनव. मी चालवीन.

उद्धवमामा

•

बिदर, १० फेब्रुवारी २०२५

मामा,

काल रविवारी गावी येऊन, स्टुलावर चढून गिरणीच्या भिंतीला ॲप घातलेला फोन लावला तेव्हापासून माझे पाय जमिनीवर नाहीत. परत एकदा लिहून देते, म्हणजे चुकायला नको. बाई आली की नाव, धान्य आणि वजन टाकायचं. फोन नंबर सांगितला तर तोही टाकायचा. पुढचा डबा कुणाचा ते फोन सांगेल, तसं घ्यायचं. पीठ पोत्यावर ठेवलं की "झालं" दाबायचं. बस.

हे करायला मला चार आठवडे लागले. त्यातले दोन, एका ठिकाणी निरोप दोनदा जात होता ते शोधण्यात गेले. कॉलेजात असं काही झालं की आम्ही मैत्रिणीचं उतरवून घ्यायचो. इथं मैत्रीण नव्हती, म्हणून एकेक ओळ बंद करून बघत गेले आणि शेवटी सापडलं. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की हे काम मला येतं.

मी इथून फक्त रोजचा आकडा बघीन, किती दळणं झाली तेवढा. तुमच्या हिशोबाकडे बघत बसणार नाही.

विजू

•

मंठाळ, १८ फेब्रुवारी २०२५

विजू,

फोन झकास चाललाय. बायका खूश आहेत. आकडा तुला दिसतच असेल.

इकडे बाकी ठीक. थ्री-फेज लाइन सध्या सकाळी सहा ते अकराच असते, तेवढ्यात सगळं दळून होतं. मग गिरणी बंद. दुपारचा मी गिरणीच्या दगडाला टाकी लावून खाचा पाडत बसतो, नाहीतर बसल्या जागी पेंगतो. तू तुझं बघ, इकडची काळजी करू नकोस. अर्जात गिरणीचं नक्की लिही.

पिठाबरोबर शेंगदाण्याची चटणी आहे. तिखट आहे.

उद्धवमामा

•

बिदर, ९ मार्च २०२५

मामा,

शुक्रवारी कलबुर्गीला मुलाखत झाली. दवाखान्यांसाठी सॉफ्टवेअर बनवणारी छोटी कंपनी आहे, वीस माणसं. त्यांनी मला बोलावलं ते गिरणीचं वाचून. ज्योती मॅडम म्हणून मुख्य आहेत, त्यांनी विचारलं, किती जण वापरतात? मी छाती काढून सांगितलं, रोज तीसेक दळणं. गावातल्या बायकांची नावं दाखवायला बरं वाटेना, म्हणून ती झाकून फक्त धान्य आणि वेळ दाखवली.

मॅडम बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "सगळेजण दुपारी दोन ते अडीचमध्येच कसे येतात?" मी काही विचार न करता म्हटलं, शेतातून जेवायला येतात ना, तेव्हा. त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि अठ्ठावीस तारखेला दुसऱ्या फेरीला बोलावलं.

परतीच्या बसमध्ये मी आनंदात होते. हुमनाबाद आलं आणि तुमची चिठ्ठी आठवली. लाइन अकराला जाते. दुपारी गिरणी बंद असते. मग मी पहिल्यांदा नावं उघडली.

पहिला दिवस सोडला तर जवळजवळ चार आठवडे, रोज तीस दळणं, आणि प्रत्येकापुढे एकच नाव. गुरुबाई. गुरुबाई ज्वारी तीन किलो, गुरुबाई गहू पाच किलो, गुरुबाई डाळ एक किलो. मामीला जाऊन चार वर्षं झाली, मामा.

मला आधी राग आला, मग रडू आलं, आणि शेजारच्या बाईनं पाण्याची बाटली पुढे केली तेव्हा लाज वाटली. मी त्या मॅडमना खोटं सांगून आलेय. मला माहीत नव्हतं म्हणून काय झालं, सांगितलं तर खोटंच. आता अठ्ठावीसला खरं सांगावं तर हातात आलेली नोकरी जाते, आणि जूनच्या आधी दुसरं कुणी बोलावेल असं वाटत नाही. न सांगावं तर मला तिथं मान वर करून बसता येणार नाही.

तुम्ही मला खरं काय ते लिहा. मी रागावणार नाही असं लिहीत नाही, कारण रागावले आहे.

विजू

•

मंठाळ, १२ मार्च २०२५

विजू,

तू रागावलीस ते बरोबर आहे. मी दोन दिवस चिठ्ठी खिशात घेऊन फिरलो.

पहिल्या दिवशी मी तुझ्या फोनचं ऐकलं. त्यानं सांगितलं तसं ओळीनं टाकलं. आधी कुणाची तरी हरभऱ्याची डाळ, तिच्या मागे चंद्रम्माची ज्वारी. दुसऱ्या दिवशी सकाळी चंद्रम्मा भाकरी हातात घेऊनच आली. कानाजवळ येऊन ओरडली, "उद्धव, ही भाकरी हाय का भजं? तव्यावर टाकली की बेसनाचा वास यायलाय. तुला काय झालंय काय?"

गिरणीत ज्वारीवर ज्वारी टाकायची असते, गव्हावर गहू, आणि डाळ सगळ्यांच्या शेवटी. नाहीतर आधीचं पीठ पुढच्यात उतरतं. ही गोष्ट इथलं शेंबडं पोरही सांगेल. मी तीस वर्षं हेच करत आलोय, आणि तुला लिहायला बसलो तेव्हा ते मला सुचलंच नाही. खोटं लिहिलं नव्हतं गं. मला खरोखर वाटत होतं की मी नंबरानं दळतो. हात एक करत होते आणि डोकं दुसरंच समजत होतं.

त्या दिवसापासून फोनवर टॉवेल टाकला आणि जुन्या पद्धतीनं दळायला लागलो. तुला कळवायला पाहिजे होतं. पण तू स्टुलावर चढून, तोंडात खिळे धरून तो भिंतीला लावत होतीस ते डोळ्यापुढून हलेना. वाटलं, पोरगी तिकडं आकडा बघते. आकडा दिसला नाही तर तिचं मन मोडेल. तेवढ्या आकड्यावर नोकरी लागली तर पुढं कधीतरी हसत हसत सांगू. म्हणून सकाळी किती डबे दळले ते मनात मोजायचं आणि दुपारी बसून सगळे टाकायचे. दळणं खरी आहेत विजू, एक डबासुद्धा वाढवून लिहिला नाही. नाव तेवढं खोटं. दुसऱ्या कुणाच्या बायकोच्या नावावर खोटं लिहायला मन धजेना, म्हणून घरचंच घातलं. पहिल्या दिवशी लिहून दोनदा खोडलं. मग सवय झाली. रोज तीस वेळा तिचं नाव लिहीत होतो, त्याचं बरंही वाटत होतं, ते तुझ्यापासून कशाला लपवू.

पण माझ्यामुळं तू चार शहाण्या माणसांपुढं खोटी पडलीस. मॅडमना सांग की मामानं फसवलं. माझं नाव, गाव, सगळं सांग. आणि नोकरी गेली तर मला शिव्या दे, तुझ्या आईकडून दे, मी ऐकून घेईन.

परवा होळी आहे. जमलं तर ये. फोन काढून टाकायचा असेल तर तू काढ, माझ्यानं होत नाही.

उद्धवमामा

•

बिदर, ४ एप्रिल २०२५

मामा,

होळीच्या तीन दिवसांत मी तुमच्याशी धड बोलले नाही. पोत्यावर बसून नुसती वही भरत होते. राग तर पहिल्याच सकाळी गेला होता, पण बोलायला लागले असते तर बघायचं राहून गेलं असतं. तुमच्या गुंडप्पा मिस्त्रींनी तुम्हाला सहा महिने बसवलं, मला तीनच दिवस मिळत होते.

त्या तीन दिवसांत जे दिसलं ते मला चार वर्षांत कुणी शिकवलं नव्हतं. बायका नाव सांगतच नाहीत, डब्याकडे बोट करतात. "त्यो हिरव्या फडक्याचा माझा." म्हणून आता नाव लिहायचं काढून टाकलं आणि डब्याचा फोटो ठेवला. धान्य आधी विचारायचं, मग ज्वारीची रांग वेगळी, गव्हाची वेगळी, डाळ शेवटी. आणि तीस वर्षांत कुणाची भीड धरली नाही म्हणणाऱ्या माणसानं तीन दिवसांत सात डबे मधेच उचलून आधी घेतले. एक बाळंतिणीच्या घरचा, एक पाहुणे आलेल्यांचा, दोघींना बस गाठायची होती. एकदा तर काहीच कारण नव्हतं. मी विचारलं तेव्हा तुम्ही म्हणालात, "तिचं तोंड बघितलीस का? घरी कायतरी झालंय. कामून म्हणून इचारायचं न्हाई, दळून द्यायचं." ते काही मला कोडमध्ये लिहिता येईना. मग एक बटण केलं, "हा आधी", आणि ते तुमच्यावर सोडलं.

अठ्ठावीसला मी कलबुर्गीला गेले. मॅडम प्रश्न विचारायच्या आधीच म्हटलं, मागच्या वेळी मी सांगितलेलं खरं नव्हतं. ॲप पहिल्याच दिवशी बंद पडलं होतं आणि मला ते महिनाभर कळलं नाही. तुमचं नाव सांगितलं नाही. आकड्यावर खूश होऊन मी आत उघडून बघितलं नाही, ती चूक माझीच आहे, असं सांगितलं. मॅडमचा चेहरा बदलला. वही मिटून म्हणाल्या, "मग आज काय दाखवायला आलात?" मी शेवटचे दहा दिवस दाखवले. सकाळी सहा ते अकरा, डब्यांचे फोटो, आणि एका दिवशी चंद्रम्मांचा डबा दोनदा नोंदला गेला होता तोही. तो का नोंदला गेला ते सांगितलं.

मग त्यांनी एक बिघडलेला प्रोग्रॅम पुढे ठेवला. दवाखान्यात पेशंटचे नंबर चुकत होते. शेजारी मुलाखतीलाच आलेल्या दोन मुलांनी लगेच टायपिंग सुरू केलं. मी विचारलं, हे नंबर देणाऱ्या बाईंशी बोलता येईल का? मॅडमनी फोन लावून दिला. त्या बाई म्हणाल्या, ताप अंगात चढलेलं लेकरू आलं की आम्ही मधे घेतो, मग पुढचं सगळं हुकतं. मला हसू आवरेना, मामा. दुरुस्ती वेळेत पुरी झाली नाही, अर्धीच झाली. जेवढी झाली नाही तेवढी झाली नाही म्हणून सांगितलं.

काल फोन आला. घेतलंय मला. सहा महिने शिकाऊ म्हणून, मग पक्कं. मॅडम म्हणाल्या, खरं सांगितलंत म्हणून घेतलं नाही, तो भाग कुणालाही जमायला पाहिजे. बघून आलात म्हणून घेतलं.

आईला सांगितलं तर ती रडली. तुम्हाला फोनवर सांगता येत नाही, म्हणून ही चिठ्ठी आज ईरण्णाच्या हातात देतेय आणि तो मंठाळला उतरून तुम्हाला ओरडून सांगणार आहे. पंधरा तारखेला मी कलबुर्गीला जाते.

तुमची विजू

•

मंठाळ, २२ जून २०२५

विजू,

ईरण्णा ओरडला होता, सगळ्या स्टँडला कळलं, मलाही कळलं. त्यानंतर तुझी दोन पत्रं आली आणि मी एकाचंही उत्तर दिलं नाही. कलबुर्गीच्या गाडीला ओळखीचा ड्रायव्हर मिळाला नाही, हे एक कारण. दुसरं पुढं लिहितो.

पंचायतीसमोर शिवशंकरप्पाची दुसरी गिरणी आहे ना, तो परवा येऊन बघून गेला. त्यालाही फोन पाहिजे म्हणतो. मी म्हटलं, आधी तीन दिवस तुझ्या पोत्यावर माझी भाची बसेल, मग बघू. त्याला वाटलं मी थट्टा करतोय. बायका आता डबा ठेवून खुशाल जातात. निरोप मिळाल्यावरच येतात. त्यामुळं गिरणीत बसून गप्पा मारणारं कुणी उरलं नाही, तेवढं एक झालं. मला त्या गप्पा ऐकू येत नव्हत्या, पण तोंडं हललेली दिसायची.

तू लिहितेस की तिथं सगळे चांगले आहेत, काम जमतंय, मेसचं जेवण बरं आहे. जेवणाचं मला खरं वाटत नाही, बाकीचं वाटतं. तुझ्या आईला मी सांगितलंय की पोरगी लांब गेली तरी मला काही फरक पडत नाही, आधीसुद्धा ती कुठं रोज येत होती.

आता दुसरं कारण. गेले पंधरा दिवस मी तुझ्या त्या फोनात खोट शोधतोय. मुद्दाम ज्वारीच्या रांगेत गहू घालून बघितला, एकच डबा दोनदा दाखवून बघितला, उलटंसुलटं दाबून बघितलं. एखादी तरी सापडली असती तर तुला लिहिता आलं असतं की यंत्र बिघडलंय, रजा काढून ये. न सापडताच तसं लिहावं, असंही एकदा मनात आलं. कागद घेऊन बसलोसुद्धा.

पण तुला आता खोटं लिहायचं नाही असं मी ठरवलंय. यंत्र नीट चाललंय, विजू. काही बिघडलेलं नाही. तरी ये.

उद्धवमामा